तात्यांच्या चार चकत्या

तात्या आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी दार उघडून 'या, बसा' म्हणेपर्यंत ते स्वयंपाकघरात पोचलेसुद्धा होते. तिथे वॉशिंग मशीन फिरत होतं. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक मशीनच्या पाठीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. मी हातात पाहुण्यांसाठीच्या चपलांचा जोड घेऊन तसाच उभा. मिनिटभराने डोळे उघडून म्हणाले, "बेरिंग चाललंय. दीड म्हैना." आणि मग मला नमस्कार केला.

मशीन सातव्या आठवड्यात बंद पडलं. मी कौतुकाने ही बातमी सांगायला गेलो, तर तात्यांचा चेहरा उतरला. "सातवा आटवडा कसा काय लागला? कापडं कमी धूत हुतास व्हय रं?"

तात्या म्हणजे रामचंद्र भोसले, आमच्या शेजारच्या सुनीताचे वडील. सुनीता आणि मी लिमरिकमधल्या एकाच कारखान्यात कामाला. तिथे हृदयात घालायच्या नळ्या तयार होतात. तिला बाळ होणार म्हणून तात्या दोन हजार वीसच्या जानेवारीत तीन महिन्यांचं तिकीट काढून आले. मार्चमध्ये कोरोनामुळे विमानं थांबली आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त केलेला माणूस, ना धड भाषा येते ना घराबाहेर पडता येतं, अशा अवस्थेत अडकला. बाळ झोपलं की सुनीताही झोपायची, तिचा नवरा लॅपटॉपपुढे बसायचा, आणि तात्या घरातल्या एकेका यंत्राला स्क्रू ड्रायव्हर लावत फिरायचे. फ्रिज झाला, बॉयलर झाला, बाळाचा पाळणासुद्धा झाला. ऐकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा एप्रिलमधल्या एका दुपारी मागच्या भिंतीपलीकडून त्यांना एक आवाज आला.

भिंतीपलीकडे डोनल राहायचा. वय बहात्तर, बस चालवून निवृत्त झालेला. मी आयर्लंडमध्ये आलो तेव्हा पहिले काही दिवस त्याच्याच घरी खोली घेऊन राहिलो होतो. त्याच्या मागच्या शेडमध्ये बारा वर्षांपासून एक अर्धवट मोटार पडून होती. सांगाडा, पत्रे, चाकं असं सगळं सुटं मागवून घरी जोडायची, त्या जातीची दोन माणसांची उघडी गाडी. तिला इंजिन होतं मोटारसायकलचं. त्याची बायको ब्रीडा त्या शेडला 'चॅपल' म्हणायची. का, विचारलं तर म्हणायची, "हा रोज आत जाऊन गुडघे टेकतो आणि चमत्कार काही होत नाही."

तर तात्यांनी भिंतीवरून मान वर काढली, इंजिनाचा घोगरा आवाज ऐकला, आणि ओरडले, "अरं, दोन नंबर मारत न्हाई तुजा!" डोनलला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं. पण भिंतीवर दोन बोटं दिसली, त्या बोटांनी दुसऱ्या सिलिंडरकडे खूण केली, आणि डोनलने प्लग काढून पाहिला तर तो भिजलेला. त्या दिवसापासून डोनलच्या लेखी तात्या म्हणजे 'युवर मॅन'. "तुझा तो माणूस आज येतोय का?" असं मला रोज विचारायचा, जणू मीच तात्यांना घडवून पाठवलं होतं.

नियमाप्रमाणे दोघांनी एकमेकांपासून लांब राहायचं होतं. डोनलला तर त्याच्या वयामुळे घराबाहेरच पडायला मनाई होती. म्हणून शेडची दोन्ही दारं सताड उघडून मधे पिवळी पट्टी चिकटवली होती. पट्टीच्या अलीकडे तात्या, पलीकडे डोनल. पाने आणि नट इकडून तिकडे द्यायला डोनलने एक साधन केलं होतं: इथल्या हर्लिंग खेळाची चपटी काठी आणि तिच्या टोकाला स्पीकरमधला लोहचुंबक. तात्या अकरा बोटं दाखवायचे, म्हणजे आधी दहा आणि मग एक, की काठीच्या टोकाला अकराचा पाना डुलत डुलत यायचा. शब्द एकच सामाईक होता, 'ग्रँड', म्हणजे इथल्या बोलीत 'छान, ठीक'. तात्यांना तो फार आवडला. "ह्यांच्यात बरं हाय," ते मला म्हणाले. "पोरगी झाली तरी ग्रँड, गॅस्केट जळालं तरी ग्रँड. मानसाला कळतच न्हाई रडायचं का पेढं वाटायचं."

बाकीचं बोलणं माझ्या तोंडून व्हायचं. संध्याकाळी कारखान्यातून आलो की मी पट्टीच्या बरोबर टोकाला उभा राहायचो. एकदा डोनलने जोडलेला पाइप तात्यांनी हातात घेऊन बराच वेळ फिरवला. म्हणाले, "त्याला सांग, ह्यो वेल्डिंगचा सांधा न्हवं, कबुतरानं बसल्या जागी केलेलं काम हाय. असलं काम माज्या गॅरेजात कुनी केलं असतं तर त्याला मी पंक्चरला बी बसवला नसता." मी डोनलला म्हणालो, "तात्यांना वाटतं, थोडी सुधारणा करता येईल."

तात्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मी येवढं बोललो, तू येवढंच बोललास. मधलं कुटं ठेवलंस?"

"तात्या, त्याला वाईट वाटेल."

"वाईट वाटाय पायजे म्हनून तर बोललो! साहेब, तुमी लई शिकलाय, पर तुमचं फिल्टर चोक झालंय."

मला ते 'साहेब' म्हणायचे ते चिडवायलाच. खरं सांगायचं तर तो शब्द मला आवडायचाही. माझे वडील तालुक्याच्या बाजार समितीत हमाल होते. आमच्या घराण्यात पदवी पाहिलेला मी पहिला, आणि मला कुणी साहेब म्हणालं की अजूनही मी आधी मागे वळून बघतो.

ऑगस्टपर्यंत गाडी उभी राहिली. खरी अडचण तिथे सुरू झाली. घरी जोडलेल्या गाडीला नंबर मिळण्याआधी एक मान्यतेची तपासणी द्यावी लागते. दिवे, ब्रेक, सीटचे पट्टे हे सगळं डोनलने केलं होतं. राहिला आवाज. आवाज मोजायची रीत अशी: इंजिन ज्या आरपीएमला सर्वांत जास्त ताकद देतं तो आकडा घ्यायचा, त्याच्या पाऊण पटीवर इंजिन रेस करून धरायचं आणि सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर माइक ठेवून मोजायचं. नव्याण्णव डेसिबलच्या वर गेलं की नापास. साध्या मोटारीचं इंजिन पाच-सहा हजारांतच आपली ताकद दाखवून मोकळं होतं, म्हणून त्याची पाऊण पट सौम्य असते. मोटारसायकलचं इंजिन मात्र चढतच जातं. आमच्या इंजिनाचा छापील आकडा होता दहा हजार चारशे. पाऊण पट सात हजार आठशे.

कारखान्याच्या परवानगीने मी आमच्या विभागातला, वापरातून काढलेला आवाजाचा मीटर कायमचा घरी आणला. डोनलने सात हजार आठशेला इंजिन धरलं. शेडच्या पत्र्यावरची धूळ खाली आली. तीन घरं पलीकडचा कुत्रा रडायला लागला. मीटरवर एकशे चार. ब्रीडा खिडकी उघडून म्हणाली, "चॅपलमध्ये घंटा आली वाटतं!"

दुसऱ्या दिवशी डोनलने मला एक कागद दिला. हा आकडा मालकाने जाहीर करायचा असतो, पुरावा म्हणून एखाद्या इंजिनिअरचं पत्र चालतं, हे त्याने कुठेतरी इंटरनेटवर वाचलं होतं. पत्र त्याने टाइप करूनच आणलं होतं. 'सदर इंजिनात बदल केले असून त्याची कमाल ताकद आता ७,२०० आरपीएमला मिळते.' खाली माझं नाव, माझी पदवी, आणि सहीसाठी एक रेघ.

"बदल कुठले केले?" मी विचारलं.

"तेलाची टोपी लाल केली की," डोनल म्हणाला. "अरे, सगळेच असं करतात. सात हजार दोनशेच्या पाऊण पटीला ती मांजरासारखी घुरघुरते. फक्त एक सही."

डोनलला नाही म्हणणं मला सोपं नव्हतं. मी या देशात आलो तेव्हा कुणी भाड्याने घर देईना. आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र हवं, आणि माझा आधीचा घरमालक सोलापूर रस्त्यावरच्या एका वसतिगृहाचा रेक्टर. तेव्हा डोनलने पत्र लिहून दिलं होतं: 'या सद्गृहस्थाला मी फार दिवसांपासून ओळखतो.' त्याच्या घरी येऊन मला चार दिवस झाले होते. त्या पत्रावर मला आजचं घर मिळालं. डोनलने त्याची आठवण करून दिली नाही. फक्त पेन पुढे केलं आणि आभाळाकडे बघत बसला, ते जास्त अवघड होतं. त्यात तपासणीची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. ती चुकली तर पुढची कधी मिळेल ते कुणी सांगत नव्हतं, आणि नाताळानंतर डोनलच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर त्या खोलगट सीटमध्ये त्याला बसता येईल का, याची डॉक्टरलाही खात्री नव्हती.

मी कागद घेऊन तात्यांकडे गेलो. ते भिंतीशी बसून कार्बोरेटरचे बारीक भोकांचे जेट फुंकत होते. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं, आणि का कोण जाणे, गुरांच्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली.

दहावीनंतर शिष्यवृत्तीसाठी गुणपत्रिकेची 'खरी प्रत' लागायची. म्हणजे झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. आमच्या भागात आम्हाला दारात उभं करणारा राजपत्रित अधिकारी एकच, सरकारी गुरांचे डॉक्टर. मी म्हशींच्या रांगेत उभा राहायचो. डॉक्टर हात धुऊन यायचे, मूळ कागद डाव्या हाताला ठेवायचे, झेरॉक्स उजव्या, आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून तपासायचे. मराठी ब्याऐंशी, ब्याऐंशी. गणित शहाण्णव, शहाण्णव. एकदा मी मूळ कागद घरी विसरलो. त्यांना माझे गुण तोंडपाठ होते, तरी म्हणाले, "मूळ दाखव." मी सात किलोमीटर सायकल मारून परत आलो. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "माझी सही तुझ्यासाठी नाही रे. ज्यानं मूळ पाहिलं नाही त्याच्यासाठी आहे."

तात्यांनी जेट खाली ठेवलं. "आता तू म्हशीचा डॉक्टर झालास म्हन की."

"तसंच."

"माजं उलटं हाय बग. सातवी नापास. माज्याकडं सगळं खरं हाय, पर प्रत न्हाई." मग पत्रातल्या आकड्यावर काळं बोट टेकवून म्हणाले, "सात हजार दोनशे पायजे न्हवं त्याला? आकडा इंजिनावानी करायचा नसंल तर इंजिन आकड्यावानी करू."

मला समजलं नाही. तात्यांनी माझं नाक दोन बोटांनी अर्धवट दाबलं. "पळ आता. कुटवर पळशील? चढाला दम लागंल का न्हाई? इंजिनाचं बी तसंच. श्वास कमी द्यायचा. वर जायच्या आधीच थकतंय. मग त्याची जास्तीत जास्त ताकद खालच्याच आकड्याला." कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये चार ठिकाणी बारीक भोकाच्या चकत्या बसवायच्या, असा त्यांचा बेत होता. ताकद कमी होणार. पण पत्र खरं होणार.

डोनलला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. बारा वर्षं ज्या घोड्यासाठी घालवली, त्याच्या नाकात बोळे! पण तारीख जवळ आली होती. "तपासणीपुरतंच ना?" त्याने मला विचारलं. मी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "म्हन, ग्रँड."

चकत्यांसाठी चार मिलिमीटर जाडीचं अॅल्युमिनियम हवं होतं. दुकानं लांब, आणि तात्यांना धीर नाही. दोन दिवसांनी सुनीता माझ्या दारात. "माझा पोळ्यांचा तवा बघितलास का रे? नॉनस्टिकचा, पुण्याहून आणलेला. बाबा म्हणतात त्यांना माहीत नाही." मी म्हणालो, "आमच्याकडे नाही." हे खरंच होतं. तो डोनलच्या शेडमध्ये व्हाइसच्या जबड्यात पकडलेला होता आणि तात्या त्याला गोल करवत लावत होते.

पहिल्या चार चकत्या घालून गाडी ट्रेलरवर चढवली आणि गावाबाहेरच्या एका गॅरेजात नेली. तिथे गाडी फिरत्या रोलरवर चढवून इंजिनाची ताकद मोजतात आणि आलेख छापून देतात. कमाल ताकद आली आठ हजार सहाशेला. तात्यांनी आलेख उभा-आडवा करून पाहिला. "भोक मोटं झालं. तव्यात अजून जागा हाय." दुसऱ्या खेपेच्या चकत्यांना बावीस मिलिमीटरचं भोक. या वेळी आलेखाचा डोंगर बरोबर सात हजार दोनशेला वळला आणि खाली उतरला. तात्यांनी काही मोजून भोक पाडलं की अंदाजाने, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "तुज्या डिगरीत आसंल बग कुटंतरी."

मी पत्र नव्याने लिहिलं. कुठले बदल, किती भोक, मोजणीच्या वेळी मी स्वतः हजर होतो, सोबत आलेख. सही करायच्या आधी तात्यांनी ते मागून घेतलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, आकडे येत होते. आलेख डावीकडे, पत्र उजवीकडे, आणि एकेका आकड्यावर बोट. "बावीस, बावीस. सात हजार दोनशे, सात हजार दोनशे. कर सही." तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी कार्बोरेटर पुन्हा उतरवले. "येकदा साफ करतो," म्हणाले. डोनल कुरकुरला, चांगलं चाललेलं कशाला खोलायचं? तात्यांनी त्याला शेडबाहेर हाकललं आणि दारं आतून ओढून घेतली.

तपासणीला आम्ही तिघंही गेलो, दोन गाड्यांतून, खिडक्या उघड्या ठेवून. तपासणारी बाई पन्नाशीची, मास्कच्या वर फक्त भुवया दिसत होत्या. त्या भुवया माझं पत्र वाचताना हळूहळू वर गेल्या.

"या चकत्या कुणी केल्या?"

मी तात्यांकडे हात केला. तात्यांनी टोपी सारखी केली.

"कशाच्या आहेत?"

"अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या," मी म्हणालो.

"काय विचारतीया?" तात्यांनी कानात विचारलं. मी सांगितलं. "मग तवा म्हन की! फिल्टर परत चोक झालं का?"

मी घसा साफ करून सांगितलं, की हा पोळ्या भाजायचा तवा होता. भुवया तिथेच थांबल्या. मग तिने कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते बघायची माझी फार इच्छा होती.

तिने स्वतःचा आरपीएम मीटर जोडला. पाच हजार चारशेला इंजिन धरायचं होतं. डोनलला पाय एका जागी धरता येईना. काटा पाच हजार, सहा हजार, साडेचार असा नाचत होता. तेव्हा तात्या त्याच्या समोर, दहा पावलांवर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी उजवा तळहात हवेत आडवा धरला. तळहात जरा खाली, की पाय हलका. जरा वर, की पाय जड. गॅरेजातल्या पोरांना ते अशीच गाडी रेस करायला लावत असणार. काटा पाच हजार चारशेवर येऊन पाण्यासारखा स्थिर झाला. बाईने आकडा वाचला. शहाण्णव.

मग तिने पेनचं टोपण लावता लावता माझ्याकडे पाहिलं, डोनलकडे नाही. "आणि या चकत्या तिथेच राहणार ना?"

डोनल एकदम चाकाच्या नटांत काहीतरी शोधायला लागला. मी म्हणालो, "माझं पत्र आज इंजिन जसं आहे त्याबद्दल आहे."

"मी ते विचारलं नाही."

तात्यांना मी प्रश्न सांगितला. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "सांग तिला, आमी काडनार न्हाई." मी तसंच सांगितलं, एक शब्द न गाळता. गाडी पास झाली.

परत येताना मी हवेत होतो. माझी सही खरी होती आणि डोनलची गाडीही पास झाली होती. घरी पोचल्यावर ब्रीडाने भिंतीवर चहा आणि स्कोन नावाचे छोटे पाव ठेवले. डोनलने खाता खाता मला डोळा मारला. "आता युवर मॅनला विचार, ते बोळे कधी काढायचे?"

मी हसून तात्यांना विचारलं. वाटलं होतं, वेल्डिंगच्या वेळी झापलं तसं ते त्याला झापतील. तात्या स्कोनवर लोणी लावत म्हणाले, "सांग त्याला, मी गेल्यावर काड. माज्यासमोर नको."

मी ते भाषांतर करून सांगितलं आणि हातातला स्कोन तसाच बशीत ठेवला. म्हणजे सगळा खेळ आरपीएम मीटरपुरता होता. त्या बाईला मी माझ्या तोंडाने शब्द दिला होता, आणि तो तात्यांच्या लेखी तारीख उलटेपर्यंतचा होता. मी त्यांना काही बोललो नाही. बोललो नाही हेच चुकलं. नोव्हेंबरमध्ये त्यांना दोहामार्गे विमान मिळालं. निरोपाला मी दारात उभा राहिलो, नमस्कार केला, 'जपून जा' म्हणालो. एवढंच. तात्यांनी माझ्याकडे बघून स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक माझ्या छातीवर टेकवलं, मूठ कानाला लावली. "आत काय तरी वाजतंय रं साहेब," म्हणाले. "बेरिंग न्हाई. दुसरंच काय तरी." मी हसलो नाही. ते टॅक्सीत बसले.

हिवाळाभर डोनलचा खुबा आणि प्रवासाची बंदी, गाडी झाकलेलीच होती. खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, आणि त्या खोलगट सीटमध्ये त्याला बसताही येऊ लागलं. मे महिन्यात रस्ते खुले झाले. एका शनिवारी त्याचा फोन आला. "जरा ये. तुझ्या माणसाने काहीतरी लिहून ठेवलंय."

शेडमध्ये कार्बोरेटर उतरवलेले होते. ब्रीडाच्या टॉवेलवर चार चकत्या ओळीने मांडलेल्या. मी वाकून पाहिलं. टोकदार खिळ्याने, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरांत, प्रत्येकीवर कोरलेलं होतं: 'खरी प्रत'. खाली 'रा. भोसले'. चौथ्या चकतीवर जागा जरा जास्त उरली होती, तिथे आणखी एक ओळ: 'मूळ तवा : सुनीता'.

"काय लिहिलंय?" डोनल.

मी या वेळी काही गाळलं नाही. खरी प्रत म्हणजे काय ते सांगितलं, म्हशींची रांग सांगितली, गुरांचे डॉक्टर सांगितले, 'मूळ दाखव' सांगितलं. तवाही सांगितला. डोनल पाना हातात धरून काठीला टेकून ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे या काढल्या तर तुझं पत्र खोटं."

"हो."

"आणि हे त्याला माहीत होतं. तरी मला म्हणाला, मी गेल्यावर काढ."

"हो."

"आता मी काढल्या. पण हे कळल्यावर त्या बाहेर कशा ठेवायच्या?" तो स्वतःशीच हसायला लागला. "फार चालू माणूस आहे तुझा." मग चकती उजेडात धरत म्हणाला, "मीही एकदा तुझ्यासाठी सही केली होती. 'फार दिवसांपासून ओळखतो' म्हणून. चार दिवस झाले होते."

"माहीत आहे."

"आता ते खरं झालंय, नाही का? माझंही मूळ मागाहूनच आलं म्हणायचं." आणि त्याने अकराचा पाना मागितला. त्या दिवशी पट्टी नव्हती, मी तो हातात दिला.

चकत्या परत बसवून झाल्यावर मी कोल्हापूरला व्हिडिओ फोन लावला. त्या दिवसांत तिकडे कोरोनाची लाट होती, फोन लागेपर्यंत धाकधूक व्हायची. तात्यांना फोन धरता येत नसे. मला पंखा दिसला, मग भिंत, मग एक कान. मी म्हणालो, "तात्या, माझं चुकलं. निरोपाला मी..."

"व्हय व्हय, वाजत हुतं आत, मी ऐकलं की. काडल्या का त्यानं?"

"काढल्या. वाचल्या. परत घातल्या."

पंखा बराच वेळ हसत होता. "कसंय बग," तात्या म्हणाले, "काडू नको म्हटलं असतं तर त्यानं त्याच दिवशी काडून न बगताच फेकल्या असत्या. मी गेल्यावर काड म्हटल्यावर मानूस निवांत काडतोय. निवांत काडल्यावर वाचतोय."

"तात्या, चौथीवर तव्याचं कशाला लिहिलंत? आता सुनीताला सांगावं लागेल."

"सांग की. मूळ कुटलं ते लिवायला नको? म्हशीच्या डाक्टरानं सोडलं असतं का?" मग आवाज बदलून म्हणाले, "गाडी चालू कर म्हनावं."

डोनलने इंजिन चालू केलं. मी फोन सायलेन्सरजवळ धरला. तिकडे तात्यांनी फोन पालथा घालून त्याच्या पाठीला स्क्रू ड्रायव्हर लावला असावा, कारण पडदा एकदम काळा झाला. इंजिन घुरघुरत होतं. ब्रीडा डोक्याला रुमाल बांधून दारात तयार उभी होती.

"ग्रँड," काळ्या पडद्यातून आवाज आला. "पाच हजार चारशेला किती येतंय?"

"आज मोजलं नाही, तात्या. तेव्हा शहाण्णव होतं."

"तेव्हाचं तेव्हा. आता खोलून परत जोडलंय न्हवं? मोज की मग," तात्या म्हणाले. "सही कुनाची हाय?"

मी मीटर आणायला घरी गेलो.